एकही शिवी नसलेलं पत्र

सेबेरी, ४ डिसेंबर १९९५

कांदेखाऊ अंबादियो,

तुझं कांद्याच्या गोळ्यांचं पोतं होडीतून उतरलं तेव्हा धक्क्यावरच्या शेळ्यासुद्धा तोंड फिरवून निघून गेल्या. कांदा कुटायचा, सडवायचा, वाळवायचा आणि वर त्याला अन्न म्हणायचं, हे तुम्हा डोगोन लोकांनाच जमतं. मी ते गोळे रश्श्यात टाकले. सुनेने दोनदा वाढून घेतला, पण ती उपाशी होती म्हणून. बदल्यात धुरावर वाळवलेल्या माशांची टोपली पाठवतेय. जपून खा. घोटाभर पाण्यात तू बुडायला लागला होतास तेव्हा नूहुमने कॉलर धरून बाहेर काढलं होतं. तिकडे डोंगरावर घशात काटा अडकला तर काढायला कोणी नाही.

बाबांच्या जागी आता माझा धाकटा भाऊ पाण्याचा धनी झालाय, डोहात कधी उतरायचं ते आता नूहुम ठरवणार. तू बाबांच्या मातीला आला होतास, खणलेल्या कबरीत आडवा पडून ‘कोंबडा दिल्याशिवाय उठणार नाही’ म्हणाला होतास, त्याची गावात अजून आठवण काढतात. रडत होतो त्या सगळ्यांना तू हसवलंस. तेवढ्यासाठी तुला माणूस म्हणावं की काय, असा मला कधीकधी प्रश्न पडतो.

पूर ओसरतोय. मासे डोहाकडे सरकायला लागलेत. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की नूहुम आयुष्यात पहिल्यांदा काठावर उभा राहून ‘उतरा’ म्हणेल. त्या दिवशीचे मासे वाळवून ठेवले तरच पावसाळ्यात चुली पेटतात, हे तुला सांगायला नको. आमच्या शाळेत शिकवत होतास तेव्हा सात पावसाळे तूही तेच खाल्लेस.

एक सांगायचं राहिलं. बामाकोहून कांते नावाचे एक साहेब येऊन गेले. अत्तर इतकं फवारलेलं की माझी माशांची भट्टी त्यापुढे फिकी पडली. नूहुम त्यांना घेऊन डोहाच्या काठाने फिरला. साहेबांनी पाण्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, इथे खुर्च्या छान मांडता येतील. नूहुम काही सांगत नाही, नुसता हसतो.

मला लिहायला-वाचायला शिकवल्याचा तुला पश्चात्ताप व्हावा म्हणून लिहिणारी,
बारकिसा तिएन्ता


बांदियागारा, २० डिसेंबर १९९५

सडक्या माशाच्या शेपटी, बारकिसा,

तुझं पत्र मी शाळेत उघडलं ही चूक झाली. एक परदेशी बाई आमची शाळा बघायला आलीय. तिने हौसेने ते वाचून घेतलं आणि मग काळजीने विचारलं, या बाईचा तुमच्यावर खटला चालू आहे का?

मी तिला सांगितलं, ही बोझो आहे, पाण्यातली. मी डोगोन, खडकावरचा. फार पूर्वी दुष्काळात हिच्या पूर्वजाने स्वतःच्या मांडीचं मांस कापून, भाजून, आमच्या पूर्वजाच्या भुकेल्या लेकराला दिलं आणि मासा आहे म्हणून सांगितलं. पोर जगलं. खरं कळलं तेव्हा दोघांनी शपथ घेतली. तेव्हापासून आम्ही एकमेकांचं रक्त सांडत नाही, एकमेकांत लग्न करत नाही आणि अडल्या वेळी एकाने मागितलं तर दुसरा नाही म्हणत नाही. आणि भेटलो की शिव्या घालतो. शिवी थांबली तर समजायचं, नातं मेलं. बाई वहीत सगळं लिहून घेत होती. मी तिला हेही सांगितलं की माशाच्या नावाखाली वाट्टेल ते खपवायची बोझोंची सवय तेव्हापासूनची.

तुझे मासे यासिगेने घराबाहेर टांगलेत. घरात ठेवले तर नवऱ्यालाच बाहेर झोपायला लावीन म्हणते. तरी रोज एक कमी होतो आणि ती मांजरावर आळ घेते. आमच्याकडे मांजर नाही.

ते खुर्च्यांचं मला आवडलं नाही. नूहुमला विचार. तो नुसता हसतो म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी आहे. लहानपणी माझा खडू चोरून खाल्ला होता तेव्हाही असाच हसत होता.

तुझा न बुडालेला,
अंबादियो गिंदो


सेबेरी, ८ जानेवारी १९९६

आदरणीय गिंदो गुरुजी यांस,

सप्रेम नमस्कार. आपण व आपले कुटुंब कुशल असेल अशी आशा आहे.

कळविण्यास आनंद होतो की या महिन्याच्या सत्तावीस तारखेस आमच्या गावी नदी संस्कृती सोहळा आयोजित केला आहे. राजधानीतील मान्यवरांच्या उपस्थितीत डोह उघडण्याचा पारंपरिक विधी होईल. त्या प्रसंगी बोझो व डोगोन यांच्यातील थट्टेचे नाते पाहुण्यांना दाखवावे, अशी आयोजक श्री. कांते यांची इच्छा आहे. आपण आमचे जुने स्नेही असल्याने डोगोनांच्या बाजूने आपण बोलावे. संवाद सोबत जोडले आहेत. कृपया पाठ करून यावे. पाहुण्यांत प्रतिष्ठित स्त्रिया असल्याने आई, कबर आणि मांडीचे मांस यांचा उल्लेख टाळावा.

येण्याजाण्याची व जेवणाची सोय केली जाईल.

आपला नम्र,
नूहुम तिएन्ता, पाण्याचा धनी
(अक्षर : बारकिसा तिएन्ता)


बांदियागारा, १५ जानेवारी १९९६

श्रीमती बारकिसा तिएन्ता यांस,

आपल्या भावाचे पत्र पोचले. अक्षर आपले आहे म्हणून उत्तर आपणास लिहीत आहे.

सोबतचा कागद वाचला. त्यात मी म्हणायचे, ‘अरे बोझो, तुला माशाचा वास येतो.’ मग आपल्या भावाने म्हणायचे, ‘अरे डोगोन, तू कांद्यासारखा आहेस.’ मग कंसात ‘दोघे हसतात’ असे आहे. मी तो कागद चुलीत घातला. नंतर हात धुतले.

माझ्या वडिलांना आपल्या वडिलांनी भर बाजारात ‘माकडाच्या पोटचा’ म्हटले होते आणि त्याच संध्याकाळी पुरातून आमची बैलगाडी ओढून काढली होती. हे नाते आता खुर्चीवर बसून पाहायचे झाले आहे, हे मला माहीत नव्हते. आपण मला ‘आदरणीय’ लिहाल असेही कधी वाटले नव्हते. आपल्याला शहरी रीत आवडू लागली असेल तर माझी तक्रार नाही.

मी येणार नाही. आपण सर्व सुखी राहावे.

अंबादियो गिंदो


सेबेरी, १९ जानेवारी १९९६

गाढवाच्या मेंदूच्या अंबादियो,

खडकांवर राहून डोक्यातही खडकच भरलेत तुझ्या. ‘श्रीमती’ म्हणतोस मला? ‘सुखी राहावे’? मी ते वाचून कागदावर थुंकले आणि मग पुसून ठेवला, कारण तू समोर आलास की तो तुझ्या तोंडावर मारायचाय.

अरे, नूहुम माझ्या डोक्याशी उभा राहून सांगत होता आणि कांते साहेब दारात चहा पीत होते. मी लिहिलं ते शब्दाला शब्द त्यांचं. मुद्दाम एक शिवी घातली नाही. वाटलं होतं, बारकिसाच्या हातची चिठ्ठी आणि एक शिवी नाही, एवढं वाचून तू हातातलं काम टाकून पळत सुटशील. आणि तू रुसून बसलास. वा रे गुरुजी.

आता नीट ऐक. कांते साहेबांनी नूहुमला होडीचं इंजिन दिलंय. लाल रंगाचं, ताडपत्रीखाली झाकून ठेवलंय, रोज जाऊन पुसतो. त्या बदल्यात डोह मेच्या ऐवजी जानेवारीत उघडायचा. पाणी अजून छातीवर आहे. जाळ्यात येणार कोवळी पिल्लं, ती मेली की मेमध्ये डोहात काय राहील, शेवाळ? आणि पावसाळ्यात चुलीवर काय ठेवू, इंजिन? गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरी साखरेची पोती पोचलीत, त्यामुळे ते आभाळाकडे बघतात. मी बोलले तर नूहुम म्हणतो, बायकांनी पाण्याच्या गोष्टीत बोलू नये. माझ्याच भट्टीवर वाढलेलं पोर हे.

एवढंच असतं तरी मी दात आवळून गप्प बसले असते. पण मंगळवारी ट्रक आला. माझ्या भट्टीच्या पडवीत खोकी उतरवली, मला न विचारता. खोक्यांत मासे. समुद्राचे, अंबादियो. बर्फातले, बंदरावरून आलेले, डोळे पांढरे झालेले. जानेवारीत जाळ्यात फारसं काही येणार नाही हे साहेबांच्या लक्षात आलंय, म्हणून हे मासे आधीच पाण्यात सोडायचे आणि पाहुण्यांसमोर जाळ्यातून वर काढायचे. आमच्या डोहात. बाबा जिथे उतरण्याआधी पाण्यात दूध सोडून माफी मागायचे, तिथे.

रोज नवा बर्फ येतो आणि दुपारपर्यंत वितळतो. खोक्यांतून लालसर पाणी गळतंय आणि पडवीत माश्यांचा काळा थर बसलाय. मी जन्मभर माशांत राहिलेली बाई, पण कालपासून दोनदा ओकले. वासाने नव्हे, माझ्या भावाने त्या खोक्यांवर गोणपाट टाकलं आणि हसला, त्याने.

मी सत्तावीसला इथे नसेन. मोप्तीला लेकीकडे, आवाकडे जातेय. मला ते बघवणार नाही. बहिणीचं तो ऐकत नाही, म्हाताऱ्यांनी शेण खाल्लंय, सरकार खुर्चीवर बसणार आहे. नूहुमला ज्याच्यावर हात उगारता येत नाही आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, असा आता एकच माणूस उरलाय, आणि दुर्दैवाने तो तू आहेस. काय करायचं ते मला माहीत नाही. ये.

बारकिसा


बांदियागारा, ३१ जानेवारी १९९६

चुलीतल्या कोळशा, बारकिसा,

मी रुसलो होतो. ते पुन्हा काढू नकोस. आवाच्या पत्त्यावर हे पाठवतोय म्हणजे तुला घरी परतायच्या आधी सगळं कळेल.

मी सकाळी पोचलो तेव्हा काठावर तंबू होता, खुर्च्या होत्या आणि कर्ण्यातून कोणीतरी गात होतं. शेजारच्या गावांचे लोक टोपल्या घेऊन आले होते, पण उत्साह नव्हता. मध्यभागी तुझा भाऊ. लाल झगा, त्यावर कवड्या, डोक्यावर पिसं. असला पोशाख कुठल्या बोझोने कधी घातलाय? मला वाटलं होतं, बघून हसू येईल. नुसती शिसारी आली.

कांते साहेब धावत आले, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, पाठ झालं ना? मी म्हटलं, झालं.

आधी जाळं ओढलं. चंदेरी मासे वर आले, सगळे मेलेले, सगळे एकाच मापाचे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काठावरचा एकही बोझो हलला नाही. तुमचे लोक खाली मान घालून उभे होते आणि ते बघणं माशांपेक्षा वाईट होतं. मग कर्ण्यावर माझं नाव पुकारलं.

मी पाण्यात गेलो. हो, मी. गुडघ्यापर्यंत. जाळ्यातला एक मासा उचलला, बोटं त्यात रुतली, आणि तो नूहुमच्या हातावर ठेवला. म्हटलं, “पाण्याच्या धन्या, याचं नाव सांग.”

मी पुन्हा विचारलं. बारकिसा, तुझ्या भावाने सहा वर्षांचा असताना मला नदीतल्या प्रत्येक माशाचं नाव शिकवलं होतं. तो माशाकडे बघत राहिला. मागे कोणीतरी हुंदका दिला, बहुतेक तुझी सून.

मग मी पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “एकदा तुमच्या पूर्वजाने स्वतःची मांडी कापून आमच्या पोराला मासा म्हणून खाऊ घातली. तुम्ही आम्हाला फसवलंत आणि आम्ही जगलो. आज तू मासा म्हणून हे देतोयस. याने कोण जगणार आहे? मी डोगोन आहे, तुझ्या दारात मागायला आलोय, आणि मला नाही म्हणायची तुला मुभा नाही. हा डोह मला दे.”

कर्णा बंद पडला. की कोणी बंद केला, माहीत नाही. नूहुमची मूठ वळलेली मला दिसली. मला वाटलं तो मला मारेल, आणि खरं सांगतो, मला तेच हवं होतं, किंवा निदान एक शिवी. त्याने मूठ सोडली. डोक्यावरची पिसं काढली आणि म्हणाला, “घ्या, गुरुजी. डोह आपला.”

‘आपला’ म्हणाला तो मला. सगळ्यांसमोर, अत्यंत आदराने.

मग मी जमलेल्यांना सांगितलं की डोह माझा आहे आणि आज बंद आहे. लोकांनी टोपल्या उचलल्या आणि निघाले. कांते साहेब बरंच बोलले, करार, खर्च, राजधानी. मग खुर्च्या ट्रकमध्ये चढल्या. मासे मात्र कोणी नेले नाहीत. ते पाण्यातच राहिले.

आता माझ्या नावावर एक डोह आहे. मला पोहता येत नाही, आणि तुझ्या भावाने माझ्याशी नातं तोडलंय. सगळं आठवून मला माझाही तिटकारा येतो. त्याला सांग, शिवी घालून डोह परत मागितला तर मागितल्या क्षणी देईन. ‘आपण’ म्हणून मागितला तर मी बहिरा आहे.

अंबादियो


सेबेरी, ११ मार्च १९९६

टकल्या डोहवाल्या,

उशीर झाला. तुझ्या मालमत्तेची साफसफाई चालू होती.

मी मोप्तीहून परतले तेव्हा वास नदीच्या वळणापर्यंत येत होता. ते समुद्राचे मासे फुगून वर आले होते, पोटं फुटलेली, त्यांवर घारी. फुलानी गुराख्यांनी गुरं लांबून वळवली. पाणी प्यायलेली दोन वासरं मेली म्हणतात. बायका पाण्याला वरच्या धारेला जायला लागल्या आणि जाताना आमच्या दाराकडे बघून थुंकायच्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

नूहुम एकटा होडी घेऊन उतरला होता. इंजिनाची नव्हे, बाबांची जुनी. हाताने एकेक कुजका मासा उचलायचा, टोपलीत टाकायचा, लांब रेतीत नेऊन पुरायचा. हात कोपरापर्यंत फोडांनी भरले. कोणी मदतीला गेलं नाही. मीही नाही. बरेच दिवस मी काठावरून बघत राहिले आणि मला समाधान वाटत होतं. मग त्याचंही मला घाणेरडं वाटायला लागलं. तोंडाला फडकं बांधलं आणि उतरले. तो म्हणाला, “आपण कशाला त्रास घेता, ताई?” मला ‘आपण’. ज्याचं ढुंगण मी धुतलं त्याने. मी त्याच टोपलीतला मासा त्याच्या पाठीवर मारला. त्याने तो उचलून पुन्हा टोपलीत टाकला.

आता पाणी निवळलंय. तळाशी हालचाल दिसते, आपले मासे आहेत. इंजिन त्याने बैलगाडीत घालून मोप्तीला परत पाठवलं.

तुझा निरोप सांगितला. ऐकून उठून गेला. मला भीती वाटते. मे महिना लांब नाही. तू नाही म्हणालास तर कोणी उतरणार नाही, आणि उतरलो नाही तर पावसाळ्यात काय खायचं, हे तुझ्या कांद्याला विचारावं लागेल. तूच का परत करत नाहीस, न मागता? माझा जीव कंटाळला दोघांना.

बारकिसा


सेबेरी, ६ मे १९९६

अंबादियो गिंदो, कांद्याच्या सालीत गुंडाळलेल्या माकडा, आमच्या पूर्वजाची मांडी खाऊन ढेकर देणाऱ्यांच्या वंशजा,

अक्षर बारकिसाचं आहे, शिव्या माझ्या आहेत. तिने स्वतःच्या घुसडू नयेत म्हणून मी शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचून घेतोय. (याला काय कळतंय वाचलेलं. बारकिसा.)

तू माझ्या हातावर ठेवलेल्या त्या माशाचं नाव मला अजूनही माहीत नाही. मी मोप्तीच्या बाजारात विचारू शकलो असतो. विचारलं नाही. बोटांना त्याचा वास अजून येतो. राख लावली, लिंबू लावलं, जात नाही. जेवताना घास तोंडाशी आला की येतो. बारकिसा म्हणते, काही वास नाही. (नाही. पण याला येतो हे चांगलंच आहे.)

पाणी कमरेवर आलंय. आजूबाजूची गावं विचारायला लागलीत, डोह कधी? मी सांगतो, धन्याला विचारा, धनी खडकावर कांदे कुटत बसलाय. लोक हसतात. जानेवारीनंतर पहिल्यांदा माझ्यासमोर हसले.

तू निरोप पाठवलास की शिवी घालून मागितला तर परत देईन. तू गुरुजी होतास तेव्हाही असाच शहाणपणा करायचास. मी डोह परत मागत नाही. तू मागितलास, मी दिला, आणि दिलेलं परत मागण्याइतका नीच मी अजून झालो नाही. त्याच्या थोडा अलीकडे थांबलोय. या वर्षी मी काठावर उभा राहून ‘उतरा’ म्हटलं तर लोक उतरतीलही, पोटासाठी. पण मला ते माझ्याच तोंडून ऐकवणार नाही.

म्हणून तू ये. पुढच्या गुरुवारी. पाण्यात दूध मी सोडेन, माफीही मी मागेन, ते तुझ्या आंबट तोंडाचं काम नाही. मग तू काठावर नाही, पाण्यात उभा राहायचंस, कमरेपर्यंत, आणि ‘उतरा’ म्हणायचंस. बोझोंच्या डोहात डोगोनाच्या तोंडून हंगाम उघडणार. बाबा वर बसून शिव्या घालत असतील आणि त्या मला ऐकायच्यात. पाय घसरला तर कॉलर धरायला मी शेजारी आहे.

घालायला कॉलरचा सदरा आण.

आणि आला नाहीस, तर लक्षात ठेव, पुढचं पत्र मी पुन्हा बारकिसाकडूनच लिहून घेईन, आणि त्याची सुरुवात ‘आदरणीय’ अशी असेल.

नूहुम तिएन्ता